रोज येणारं गिऱ्हाईक

काळुराम तांडेल मुका नव्हता. एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण डोंबिवलीतल्या त्याच्या निम्म्या गिऱ्हाइकांची तशी समजूत होती. घरात तो बोलायचा, झाडांशी तर चक्क भांडायचा. पण समोर परका माणूस उभा राहिला की तोंडाला कुलूप. मान हलवायची, जमिनीकडे बघायचं आणि हातातली खुरपी उगाच पुसत राहायची, एवढंच त्याला जमायचं. अशा माणसाने धंद्यात पडू नये. तो पडला, आणि बारा वर्षं त्याने लोकांच्या बागा केल्या, याचं सगळं श्रेय त्याच्या बायकोच्या मासळीच्या पाटीला.

त्याचा बाप खाडीत जाळी टाकायचा. पण कारखान्यांनी खाडीच्या पाण्याची अशी काही दशा केली की जाळ्यात मासळी कमी आणि घाण जास्त. मग काळुराम ठाण्याला एका कंपनीच्या कॉलनीत माळी म्हणून लागला. हात चांगला होता, कॉलनी हिरवीगार केली. पंच्याऐंशी साली कंपनीला टाळं लागलं आणि तो घरी येऊन ओट्यावर बसला. आवडाबाई, त्याची बायको, डोक्यावर पाटी घेऊन डोंबिवलीत दारोदार मासळी विकायची. नवरा घरी बसलाय म्हटल्यावर तिने मासळीबरोबर नवऱ्यालाही विकायला काढलं.

"ताई, कोलंबी बघा कशी ताजी हाय. आनि ह्ये मागचं आंगन असं उजाड काय ठेवलंय? माझा दादला बाग करतो. उद्या धाडते त्याला. बोलत नाय जास्त, पन हाताला गुन हाय त्याच्या."

असं ती दिवसाला चाळीस दारांत बोलायची. चाळिसांतल्या एखाद्या दारात काम निघायचं. काळुराम नुसता जायचा आणि कामाला लागायचा.

कामाला लागायचा म्हणजे काय, तर पहिल्या दिवशी काहीच करायचा नाही. ही त्याची पद्धत होती. सकाळी उजाडताना त्या जागेत जायचं, गोणपाट टाकायचं आणि दिवस मावळेपर्यंत बसून राहायचं. ऊन कुठून येतं, भिंतीची सावली कधी कुठे सरकते, कुठल्या कोपऱ्याला वारा लागतो, मोरीचं पाणी कुठे मुरतं, हे सगळं तो बसून बघायचा. त्याशिवाय एक रोप लावायचा नाही. आता ज्याने काम दिलं त्याला काय वाटणार? माळी बोलावला आणि हा दिवसभर गोणपाटावर बसलाय. बायका खिडकीतून बघून कपाळाला हात लावायच्या. पण दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आवडाबाई दारात हजर. "ताई, बसू द्या त्याला. तो बसला की झाड मरत नाय." आणि खरंच मरत नसे.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात आवडाबाई काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं. हातातली दोन कामं काळुरामने पुरी केली, आणि मग तिसरं आलंच नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं. घराभोवती त्याने पिशव्यांत वाढवलेली रोपं इतकी झाली की दाराशी यायला वाट राहिली नाही. पोटापुरतं चालत होतं, चार सोसायट्यांच्या कुंड्यांना तो महिन्याला खत घालायचा. ते दुखणं नव्हतं. दुखणं वेगळंच होतं. त्याला वाटायला लागलं की लोकांना आपली बाग कधी नकोच होती. बाईच्या बोलण्याला भुलून त्यांनी ती घेतली, तिची भीड म्हणून. बाई गेली, भीडही गेली. बारा वर्षं आपण काम केलं म्हणतो, ते नक्की कोणाच्या जिवावर? हा विचार एकदा डोक्यात शिरला की रात्री जेवण गोड लागत नसे. एकट्याचं जेवण तसंही कुठे गोड लागतं म्हणा.

आवडाबाईचा भाऊ नाथा रेतीबंदरावर होता. तो आला आणि त्याने सरळ सांगितलं.

"भावोजी, असं किती दिस बसनार? खडवलीला एका शेठचा फार्महाउस हाय. नदीच्या अंगाला. त्याला कायमचा मानूस पायजेल, झाडं बघायची आनि ऱ्हायाचं पन तिथंच. मी बोलून ठेवलंय."

"तिथं मानसं किती?" काळुरामने विचारलं.

"मानसं कसली? शेठ येतो दिवाळीला आनि मे महिन्यात. बाकी तुमीच."

काळुरामने शेजारच्या घराकडे पाहिलं. इथे निदान शेजारची हौसाबाई सकाळी ओरडून विचारायची, चहा झाला का म्हणून. तिथे तेही नाही.

"अखजीपर्यंत थांब," तो म्हणाला. "तोवर एक तरी काम माझं मी मिळवतो. नाय मिळालं तर जातो."

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पावसाआधी बागेचं काम काढायचं तर लोक तोवर बोलणी करून ठेवतात. हा डिसेंबर होता, साल अठ्ठ्याण्णव. हातात चार-साडेचार महिने होते आणि गिऱ्हाईक कसं मिळवतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

आता इथे हरिहर आला. डोंबिवली पश्चिमेला हरिहरचा टायपिंगचा क्लास होता, वीस वर्षं चाललेला. टाइपरायटरचे दिवस भरले हे ओळखून त्याने सगळी यंत्रं भंगारात काढली, पाच कॉम्प्युटर मांडले आणि दारावर सायबर कॅफे अशी पाटी लावली. दरवाजातल्या दोन मोठ्या कुंड्या काळुरामच्या देखरेखीखाली होत्या. खत घालायला आलेल्या काळुरामला तो म्हणाला, "काका, तुमची वेबसाइट काढू या."

"ती काय अस्ते?"

"म्हणजे बघा. तुमच्या बागांचे फोटो, तुमचं नाव, फोन नंबर, सगळं ह्याच्यात टाकायचं. मग जगात कोणीही, कुठूनही, रात्री-बेरात्री तुमच्याकडे येऊन बाग बघून जाणार. तुम्हाला एक शब्द बोलायला नको."

शेवटचं वाक्य काळुरामच्या काळजाला भिडलं. एक शब्द बोलायला नको! आवडाबाई गेल्यापासून असं आश्वासन त्याला कोणी दिलं नव्हतं. त्याने घरातला डबा काढला. प्रत्येक काम पुरं झालं की आवडाबाई फोटोवाल्याकडून एक फोटो काढून घ्यायची, गिऱ्हाइकांना दाखवायला. त्यातले नऊ चांगले निवडून त्याने हरिहरला दिले. हरिहरने चार दिवस खपून वेबसाइट केली. वर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'काळुराम तांडेल, बागा करून मिळतील', खाली नऊ फोटो, त्याखाली हौसाबाईच्या घरचा फोन आणि पुढे कंसात, शेजारचा फोन म्हणून, पी.पी. आणि सगळ्यात शेवटी एक छोटी काळी चौकट, तिच्यात पांढरे आकडे.

"हे काय?"

"काउंटर. जो कोणी तुमची साइट बघेल त्याचा आकडा इथे पडणार. बघा, आत्ता सव्वीस."

सव्वीस! काळुराम खुर्चीत नीट बसला. अजून साइट पुरती झाली नाही तर सव्वीस माणसं येऊन गेली. आवडाबाईला चाळीस दारं करायला उन्हातान्हात सकाळपासून दुपार व्हायची. हरिहरने साइट करता करता ती स्वतःच सव्वीस वेळा उघडून बघितली होती, हे सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. काळुरामला ते ठाऊक नाही हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून काळुराम रोज संध्याकाळी सहाला कॅफेत जाऊ लागला. कोपऱ्यातला कॉम्प्युटर त्याचा ठरला. हरिहरने एका कागदावर काय काय दाबायचं ते लिहून दिलं होतं. दाबायचं, फोन लागल्याचा किरकिराट ऐकायचा, वाट बघायची, मग हिरवी अक्षरं यायची, एकेक फोटो वरून खाली उलगडत जायचा आणि शेवटी चौकट यायची. सत्तावीस. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. तिसऱ्या दिवशी एकोणतीस.

रोज एक माणूस येत होतं. जास्त नाही, कमी नाही, एक. काळुरामने हिशेब लावला की हे एकच गिऱ्हाईक असणार. वेगवेगळी माणसं असती तर कधी चार आली असती, कधी एकही नसतं. हा नेमाचा माणूस आहे. विचारी आहे. बाग करायची मनात आहे, पण झटकन उडी मारणारा नव्हे. रविवारी कॅफे बंद असायचा. सोमवारी बघावं तर आकडा एकानेच वाढलेला. म्हणजे रविवारी येत नाही, बायकापोरांत राहतो. हेही काळुरामला आवडलं.

महिनाभरात तो माणूस त्याच्या चांगलाच परिचयाचा झाला. त्याचं घर त्याने ठाण्याला ठरवून टाकलं, पाचपाखाडीच्या बाजूला, स्वतंत्र बंगला, मागे विहीर. वय आपल्याएवढंच. बागेत त्याला सोनचाफा हवा असणार, पण विहिरीजवळ मुळं जातील म्हणून अडलंय. घरी आल्यावर काळुराम रोपांना पाणी घालताना त्याला समजावून सांगायचा, की चाफा विहिरीपासून दहा हात लांब लावू, काही होत नाही. असं मोकळेपणी तो आवडाबाईनंतर कोणाशी बोलला नव्हता. आणि जो नव्हताच त्याच्याशी बोलायला जीभ कशी सुरुसुरु चालायची!

हौसाबाईला मात्र रोजचा ताप झाला. गल्लीत शिरताच काळुराम विचारायचा, "फोन आयला का गो?"

"नाय आयला."

"बाग करायची हाय, असा कोनी?"

"अरे कोनीच नाय आयला. नाय आयला, नाय आयला!"

काही दिवसांनी तो दिसला की त्याने विचारायच्या आधीच ती मान हलवू लागली.

काळुरामने हरिहरला सांगून साइटवर एक ओळ घालून घेतली. 'जे रोज येतात त्यांनी एकदा फोन करावा. सल्ल्याचे पैसे नाहीत.' हरिहरला ती ओळ जरा विचित्र वाटली, पण गिऱ्हाइकाची मर्जी म्हणून घातली.

काळुरामच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर एक बाई बसायच्या. सरस्वतीबाई फणसे. शाळेतून निवृत्त झालेल्या, भूगोल शिकवायच्या. निम्मी डोंबिवली त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या इंटरनेट वगैरे काही बघत नसत. कॉम्प्युटरवर पत्ते खेळायच्या. एकटीने लावायचा डाव असतो, तो. हरिहर त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे तो त्यांच्याकडून वेळेचे पैसे घेत नसे आणि त्या हट्टाने देत. घरीही पत्त्यांचा जोड होता, पण घरी डाव लावला की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज फार मोठा वाटतो, असं त्या हरिहरला एकदा म्हणाल्या होत्या. इथे निदान माणसांची ये-जा असे.

जानेवारीत कधीतरी त्यांनी वाकून काळुरामच्या पडद्याकडे बघितलं.

"सुरेख आहे हो. कुठली बाग ही?"

"इथलीच, डोंबिवलीची," काळुराम पडद्याकडेच बघत म्हणाला.

"तुम्ही केलीत?"

त्याने मान हलवली. बाईंनी आणखी एक फोटो उलगडताना बघितला. मग परत आपल्या पत्त्यांकडे वळल्या.

फेब्रुवारीत त्यांनी विचारलं, "माझ्या जास्वंदीवर पांढरं काहीतरी पडलंय. काय करावं?"

"कडुलिंबाचा पाला उकळा. गार करून मारा."

"किती दिवस?"

"आट."

आठ दिवसांनी बाई म्हणाल्या, "गेलं हो सगळं! हाताला गुण आहे तुमच्या. नुसत्या सांगण्याने गेलं." दुसरा कोणी असता तर हसून चार शब्द बोलला असता. काळुरामला गुण हा शब्द ऐकून आवडाबाई आठवली, तो शब्द तिचाच होता. त्याने खाली बघितलं आणि खिशातला कागद काढून उगाच वाचत बसला. बाईंना वाटलं, याला बोललेलं आवडत नाही. त्या पुढे काही दिवस गप्पच राहिल्या.

आणि मग मार्चमधला तो दिवस. होळी नुकतीच झाली होती. काळुराम येऊन बसला होता, फोटो हळूहळू उलगडत होते. बाईंनी डाव बाजूला ठेवला होता. बहुतेक बोलायचं मनाशी ठरवून आल्या असाव्यात, कारण खुर्चीही थोडी वळवून घेतली होती.

"काळुराम, एक विचारायचं होतं. आमच्या इमारतीत माझी तळमजल्याची जागा आहे ना, तिच्यामागे थोडं अंगण आहे. माझ्या वाटणीचं. इतकी वर्षं तसंच पडलंय. आता वाटतंय की—"

तेवढ्यात चौकट आली. काल एकशे एक होते. आज एकशे चार.

तीन! एका दिवसात तीन! काळुराम खुर्चीवरून उठलाच. "हरिहर! अरे हरिहर, आज तिघं आयले!" म्हणत तो दरवाजाकडच्या टेबलापाशी धावला. माणसाने घरच्यांना आणलं असणार, बायकोला दाखवलं असणार. म्हणजे ठरलं! हरिहर त्या वेळी एका प्रिंटरशी झटत होता. सकाळी त्यानेच एका दुकानदाराला नमुना म्हणून ती साइट दोनदा उघडून दाखवली होती. "वा वा काका, छान," तो मान वर न करता म्हणाला. काळुराम तिथेच उभा राहून त्याला पाचपाखाडी, विहीर, चाफा असं बरंच काही सांगत राहिला. परत जागेवर आला तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. बाई काही विचारत होत्या, हे त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

त्या रात्री त्याने हौसाबाईच्या ओट्यावर बसून फोनची वाट बघितली. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आकडा पुन्हा एकेकाने वाढू लागला. बाईही येईनाशा झाल्या. त्यांच्या खुर्चीवर कॉलेजची मुलं बसू लागली, एवढं काळुरामला दिसलं. त्यापलीकडे त्याने विचार केला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याला हिवताप झाला. नऊ दिवस तो अंथरुणात होता. हौसाबाईने पेज आणून दिली, नाथा डॉक्टरकडे घेऊन गेला. अंगात ताप असताना त्याला एकच घोर, की गिऱ्हाईक रोज येऊन जात असेल आणि आपण नाही. दहाव्या दिवशी पायांत जोर नव्हता तरी भिंतीला धरधरून तो कॅफेत गेला. कागद काढला, दाबायचं ते दाबलं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी एकशे एकवीस होते. ते त्याला पक्कं आठवत होतं.

एकशे बावीस.

आजचा एक सोडला तर नऊ दिवसांत कोणी आलं नव्हतं. काळुराम उठून हळूहळू हरिहरच्या टेबलाशी गेला.

"हरिहर, मी आजारी होतो ते त्याला कसं कळलं?"

"कोणाला?"

"आपलं गिऱ्हाईक. रोज येनारं. मी नव्हतो तर तो पन नाय आयला. तुझ्याकडं काय निरोप टाकला का?"

हरिहरला आधी काही समजलं नाही. मग त्याने काळुरामच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. त्याने एक स्टूल पुढे ओढलं. "काका, बसा," तो म्हणाला. "माझंच चुकलं. अहो, तुम्ही उघडलीत तरी आकडा वाढतो. कोणीही उघडली तरी वाढतो. रोज जो एक येत होता ना..." पुढचं वाक्य त्याला पुरं करवेना.

"तो मी," काळुराम म्हणाला.

"सुरुवातीचे मी होतो. मधले एक-दोन पण मी. बाकी..."

काळुराम बसला. चार महिने रोज संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून तो स्वतःच्याच दारात येऊन उभा राहत होता आणि पाहुणा आला म्हणून खूश होऊन घरी जात होता. चिडावं तर कोणावर? हरिहरने फसवलं नव्हतं. कोणीच फसवलं नव्हतं. पाचपाखाडीचा तो भला माणूस त्याची विहीर, त्याचा चाफा घेऊन एका क्षणात नाहीसा झाला, आणि काळुरामला त्याच्यासाठी रडू यायला लागलं, जसं कोणी खरंच गेल्यावर येतं.

हरिहर घाबरला. चहा मागवला. काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणाला, "पण काका, तुमचं काम बघून कोणी विचारलंच नाही असं नाही हां. आपल्या बाई होत्या ना, सरस्वतीबाई. त्यांना तुमच्याकडून बाग करून घ्यायची होती. मला म्हणाल्या, रोज शेजारी बसून फोटो बघते, हाच माणूस हवा. मी म्हटलं, मग विचारा की, शेजारीच तर बसतात. त्या म्हणाल्या, विचारलं रे, ते उठून गेले. बहुधा लहान काम घेत नसतील."

काळुरामने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"कवा म्हनाल्या?"

"होळीनंतर. मी तुम्हाला सांगणार होतो, राहूनच गेलं."

त्या दिवशी काय झालं होतं ते आता काळुरामला आठवलं. वळवलेली खुर्ची आठवली. तळमजला, अंगण, माझ्या वाटणीचं. अर्धं वाक्य कानात होतंच, इतके दिवस पडून राहिलं होतं. त्याने हरिहरकडून पत्ता घेतला. अक्षय्य तृतीयेला अजून पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना तो निघाला. काखेत गोणपाट घेतलं होतं, पहिल्या दिवसाचं. वाटेत तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. बाई, मी लहान काम पन घेतो. बाई, त्या दिवशी माझं ध्यान नव्हतं. दहा वेळा म्हणून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आवडाबाईच्या आधाराशिवाय तो एका दारात बोलायला चालला होता, आणि आश्चर्य म्हणजे, त्याला ते जमेल असं वाटत होतं.

इमारतीला वळसा घालून तो मागे गेला आणि थांबला.

अंगण तयार होतं. नव्या विटा तिरक्या रोवून वाफे केले होते. मधे हिरवळीचे तुकडे आणून अंथरले होते, जोड अजून दिसत होते. भिंतीलगत गुलाबाची दहा-बारा रोपं, नर्सरीच्या चिठ्ठ्यांसकट. वरच्या मजल्यांच्या बाल्कन्या पुढे आलेल्या. तिथे दिवसातून तासभरही ऊन येणार नाही, हे काळुरामला उभ्या उभ्या दिसलं. पावसाळ्यापर्यंत गुलाब जाणार होते. ज्याने लावले तो तिथे अर्धा ताससुद्धा बसला नसावा.

बाई हातात तांब्या घेऊन बाहेर आल्या. "अगबाई, काळुराम तुम्ही? किती वाळलात! बरं नव्हतं का?"

त्याने मान हलवली.

"या, बघा तरी. मागच्याच आठवड्यात झालं. नर्सरीवाल्याने माणसं पाठवली, एका दिवसात सगळं उरकून गेली." मग जरा हसून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मला तुमच्याकडूनच करून घ्यायचं होतं. मी आपली तुमची वाट बघत बसले. तुम्हाला विचारायला सुद्धा किती दिवस धीर गोळा करत होते! रोज घरून ठरवून यायचे. मला कुठे कोणाशी बोलायची सवय राहिलीय आता."

काळुरामने त्यांच्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. त्याच्यासारखंच कोणीतरी हात-दीड हातावर बसून, त्याच्यासारखीच वाक्यं जुळवत होतं. त्याला खूप काही म्हणायचं होतं. गुलाब आजच्या आज हलवा म्हणायचं होतं, इथे सावलीत अनंत आणि नेचे लावू म्हणायचं होतं, पैसे नकोत म्हणायचं होतं. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर सापडेना.

"उभे का? आत या. चहा टाकते. मीही अजून घेतला नाहीये, एकटीसाठी कंटाळा येतो," बाई म्हणाल्या. त्यांनी दार पूर्ण उघडलं. आत स्वयंपाकघरातलं टेबल दिसत होतं, त्यावर अर्धवट मांडलेला पत्त्यांचा डाव, आणि दोन खुर्च्या.

आता हो म्हणायला काय झालं होतं? दोन वर्षं हा माणूस ज्याच्यासाठी तळमळत होता ते त्या दारात उभं राहून त्याला आत बोलवत होतं. पण काखेत गोणपाट होतं आणि बाईंची नजर त्यावर जाईल, मग हा काम मागायला आला होता हे त्यांना कळेल, कीव येईल, अशी एक खुळी लाज त्याच्या अंगात शिरली.

"नको," तो म्हणाला. "गिऱ्हाईक थांबलंय."

"कुठलं?"

"वेबसाइटवरचं. ठान्याचं."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे आलं शेवटी? हरिहर सांगायचा मला, तुम्ही कशी वाट बघता ते. बरं झालं हो, फार बरं झालं! मग मी अडवत नाही. पुन्हा कधी सवडीने या."

"हो," काळुराम म्हणाला. आणि तो गेला. वळणापर्यंत बाई दारातच उभ्या होत्या. त्याने मागे पाहिलं नाही, कारण मग परत फिरावं लागलं असतं. ठाण्याला जायचं नव्हतं, कुठेच जायचं नव्हतं, म्हणून तो खाडीपर्यंत चालत गेला आणि ऊन चढेपर्यंत बसला.

अक्षय्य तृतीयेला नाथा आला. हौसाबाईने पुरणाच्या पोळ्या पाठवल्या होत्या, दोघांनी त्या खाल्ल्या. हात धुऊन झाल्यावर नाथाने विचारलंच.

"मग? एक पन गिऱ्हाईक आयलं नाय ना?"

"आयलं ना," काळुराम म्हणाला. "एक आयलं. दोन-तीन महिने माझ्या बाजूलाच बसलेलं."

नाथाला काही कळेना. "मग कामाचं काय झालं?"

काळुरामने रोपांच्या पिशव्यांकडे पाहिलं. "टेम्पोत किती मावतील बघ," तो म्हणाला. "खडवलीला सोमवारीच जाऊ."